पत्ता बदललाय: भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे गार्डचं प्रकरण

हे लिहायला नानांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. नाव घालायचं नाही, आणि "मला बिचारा करायचं नाही." नाव घातलेलं नाही. ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्या आहेत. दुसरी अट पाळली गेली की नाही ते नाना वाचून सांगतील.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या घरोघरी भेटी देणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी निवृत्त शिक्षिका, हे काम अकरा वर्षं करते. मानसोपचाराचं शिक्षण मला नाही, त्यामुळे यात निदान वगैरे शोधू नये. एक माणूस म्हातारपणी आपल्या गावी परत आला आणि गावात पोचल्यावर त्याची प्रार्थना थांबली, एवढीच गोष्ट आहे. यात माझी एक चूक आहे. ती आधी वाचली तर तुमची टळेल कदाचित.

माई काय सांगत आल्या

२०२४चा ऑक्टोबर. रविवारची भक्ती संपली, थाळीतले पैसे मोजून झाले, तरी माई बाकावरून उठेनात. माई म्हणजे नानांच्या पत्नी. शेवटी जवळ येऊन म्हणाल्या, "बाई, हे तीन महिने झाले चर्चला आलेले नाहीत. तुम्ही पाहिलंच असेल."

खरं म्हणजे मी पाहिलं नव्हतं. मागच्या बाकावरचा माणूस येईनासा झाला की पुढच्यांना फार उशिरा कळतं.

माईंचं दुखणं पुढेच होतं. नाना रोज सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायचे. माईंना वाटायचं, फिरायला जातात. मग एकदा दूधवाल्यानं सांगितलं की तुमचे नाना जुन्या क्वार्टरांच्या मोकळ्या जागेत उभे असतात. काही करत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. अर्धा तास उभे राहतात आणि घरी येतात. रात्री जेवणाआधीची कुटुंबप्रार्थना लग्नापासून नानाच करत. तीही आता माईंवर आली होती. "मी म्हणते 'आमेन', हे नुसती मान हलवतात."

नाना कोण

वय ६७. जन्म भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधला. वडील आधी फायरमन, मग ड्रायव्हर. नाना स्वतः १९८१ साली लागले आणि २०१७ साली गार्ड म्हणून उतरले. "गार्ड म्हणूनच," हे ते दोनदा सांगतात, कारण २०२२ पासून रेल्वेनं त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली. छत्तीस वर्षांत भुसावळ विभाग त्यांनी मागच्या डब्यातून पाहिला: इकडे मनमाड, इगतपुरी, तिकडे बडनेरा, वर खंडवा.

निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला. सात वर्षं तिथे फ्लॅटमध्ये राहिले. आता हे नीट लक्षात घ्या, कारण मी पहिल्यांदा घेतलं नव्हतं: पुण्यात त्यांना काही त्रास झाला नाही. तिथल्या मराठी मंडळीत नियमित जायचे, बुधवारच्या प्रार्थनासभेत बोलायचे. परक्या गावात विश्वास टिकून राहिला आणि आपल्या गावात आल्यावर डळमळला. आपण साधारण उलटं धरून चालतो. गाव सुटलं की माणूस तुटतो आणि गावी परत आणला की जुळतो, असं. मुलगाही तेच धरून बसला होता. जामनेर रोडच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन त्यानं आईबापांना जूनमध्ये सोडलं आणि समाधानानं परत गेला.

याचं उत्तर पुढे नानांनीच दिलं. "पुण्यात मी डोळे मिटले की आमचा ओटा दिसायचा. तिथं बसून प्रार्थना करायचो. इथं आलो, डोळे उघडून पाहिलं, ओटाच नाही. आता मिटले तरी दिसत नाही."

काय काय गेलं

यादी मोठी आहे आणि नानांना ती क्रमानं सांगायला आवडते. मी थोडी सांगते.

क्वार्टरांची ती रांग पाडली गेली होती. इमारती जुन्या होत्या, छपरं गळत होती. पाडणं चुकीचं होतं असं नानाही म्हणत नाहीत. रांगेपुढचा कडुनिंब होता, तोही नाही. वाफेची इंजिनं तर त्यांच्या नोकरीच्या काळातच गेली, तेव्हा त्यांना वाईट वाटलं नव्हतं. कोळशाची काजळी आईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायची. "कोण रडणार तिच्यासाठी?" पण इंजिन शेडचा भोंगा कानात होता. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात पहाटे जाग आली की ते भोंग्याची वाट पाहत पडून राहायचे.

जळगावकडचा महामार्ग चौपदरी झाला. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुने निंब होते; उन्हाळ्यात सायकलवर जाताना डोक्यावर सावली असायची. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणाऱ्या मुलखात सावली म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

आणि पी.जे. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, छप्पन्न किलोमीटरचा नॅरोगेज. नानांचं आजोळ शेंदुर्णीच्या अलीकडे. भुसावळहून जामनेरला एस.टी.नं जाऊन तिथून उतरणं जवळ पडलं असतं, पण वडिलांचा रेल्वेचा पास असताना एस.टी.ला पैसे कोण घालणार! म्हणून पॅसेंजरनं पाचोरा, तिथून पी.जे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी. गाडी इतकी हळू की मामा उतरून बाजूच्या शेतातून शेंगा तोडून पुन्हा चढायचा, असं नाना सांगतात. (हे प्रत्येक पी.जे.वाला सांगतो. मी खरं मानते.) २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली आणि छोट्या रुळांवर पुन्हा धावली नाही. तिथे ब्रॉडगेज येणार आहे. नाना परत आल्यावर माईंना घेऊन तिथवर गेले, रुळांकडे पाहिलं आणि आजोळी न जाता माघारी फिरले.

शेवटी देऊळ, म्हणजे आमचं चर्च. आमच्या मंडळीचं जुनं देऊळ मंगलोरी कौलांचं होतं. ते उतरवून सिमेंटचं झालं, त्याला सहा वर्षं झाली. पेटी-तबल्याच्या जागी कीबोर्ड आला. उपासना संगीताची पुस्तकं कपाटात गेली आणि गीतं पडद्यावर आली. जुनी गीतंही म्हणतात, पण चाल बदलते, लय वाढते. नाना म्हणाले, "त्या पेटीला स्वतःचाच तबला आहे. माणूस चुकला तरी तो थांबत नाही."

यातलं कोणतंही एक गेलं असतं तर नानांनी सोसलं असतं असं मला वाटतं. सगळं त्या सात वर्षांत त्यांच्या मागे झालं आणि एका आठवड्यात दिसलं. गावात राहणाऱ्यांना ते हळूहळू दिसलं. निंब पडला तेव्हा आम्ही हळहळलो, दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. नानांना हळहळायला दुसरा दिवस मिळाला नाही.

माझी चूक

पहिल्या भेटीत चहा झाला, पुण्याची चौकशी झाली. मग मी विचारलं, "नाना, चर्चला का येत नाही?"

ते बराच वेळ बशीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, माझी प्रार्थना पोचत नाही. पत्ता बदललाय."

एवढं सरळ, एवढं नेमकं वाक्य मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यावर मी काय केलं? इब्री लोकांस पत्रातलं तेराव्या अध्यायाचं आठवं वचन म्हटलं. येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे. शिवाय वर जोडलं की जागा बदलतात नाना, प्रभू बदलत नाही.

नानांनी हात जोडले. "पाठ आहे मला. नोकरीत वेळापत्रकही पाठ होतं. पाठ असलं म्हणून गाडी येत नाही, बाई."

आणि ते पुढच्या दोन भेटींत हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत.

वचन खोटं नव्हतं. मी ते दार लावायला वापरलं. समोरचं दुःख मला पाच मिनिटांतच जड झालं आणि ते थांबवायला माझ्या हाताशी सगळ्यात जवळ जे होतं ते मी उचललं. घरी आल्यावर तो अध्याय पुन्हा उघडला, तेव्हा आणखी शरम वाटली. आठवं वचन एकटं उभं नाही. त्याच्या आधीचं, सातवं, सांगतं की ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांचा शेवट कसा झाला ते पाहा. म्हणजे ती माणसं तेव्हा गेलेली असावीत. आणि चौदावं म्हणतं की इथे आपल्याला कायमचं नगर नाही. गेलेली माणसं आणि हरवणारं नगर यांच्यामध्ये ते वचन ठेवलेलं आहे. ज्यांचं काहीतरी गेलंय त्यांनाच ते लिहिलेलं होतं. मी ते अशा थाटात म्हटलं, की जणू काही गेलंच नाही.

मध्ये एक व्यावहारिक गोष्ट केली, ती सांगून टाकते. या वयात माणूस गप्प झाला, रोज एकाच जागी जाऊन उभा राहू लागला, तर प्रार्थनेआधी डॉक्टर. झोप, भूक, विसरभोळेपणा विचारून घेतला आणि माईंना त्यांना तपासून आणायला सांगितलं. साखर, थायरॉइड, बी-१२, स्मरणशक्तीची साधी चाचणी. रिपोर्ट ठीक आले. डॉक्टरांनी मन उदास आहे का तेही विचारलं, महिन्यानं पुन्हा बोलावलं. त्या तारखाही नानांनी पाळल्या. वेळ पाळणं त्यांच्या हाडात आहे.

पटांगणात

चौथ्या वेळी मी घरी गेलेच नाही. माईंना सांगून सकाळी साडेसहाला त्या मोकळ्या जागेत गेले. नोव्हेंबरचा गारठा होता. नाना कानाला मफलर बांधून उभे होते. मला पाहून चकित झाले, थोडे रागावलेही असावेत. मी म्हटलं, "नाना, तुमचं घर दाखवा."

पाऊण तास त्यांनी घर दाखवलं. पायानं रेघ ओढली: हा ओटा. इथे पुढची खोली, इथे चूल, इथे मोरी. दाराशी आले आणि थांबले.

"इथं कॉलमन यायचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा फोन नव्हते. इंजिनावरच्या माणसाला ड्यूटीची वेळ सांगायला कॉलमन वही घेऊन घरी यायचा, रात्री दोनलाही. काठीनं दार वाजवायचा, वडील वहीत सही करायचे. मग आई उठून भाकरी थापायची, बहुतेक कळण्याची, आणि वडील लोखंडी पेटी उचलून दारात उभे राहिले की त्या पेटीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणायची. स्तोत्र १२१चं शेवटचं: परमेश्वर तुझं जाणं-येणं सांभाळील. मुलं अर्धवट झोपेत 'आमेन' म्हणायची. प्रार्थना संपली, दार बंद.

"रोज?" मी विचारलं.

"रोज कसं? ड्यूटी लागेल तेव्हा. कधी रात्री दोनला, कधी दुपारी भर उन्हात, कधी नाताळच्या सकाळी. घरात प्रार्थनेची अशी ठरलेली वेळ कधी नव्हतीच." मग थोडं थांबून, "जागाही दाराचीच. कुणीतरी निघालेलं असायचं."

मी काही बोलले नाही. एवढं मला आता कळलं होतं.

नानाच बोलत राहिले. स्वतः नोकरीला लागल्यावर तेच वाक्य ते गाडी सुटताना म्हणत. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्यूटीवरच्या मुक्कामाच्या खोलीत, आणि ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात. मालगाडीचा मागचा डबा पुढच्या इंजिनापासून अर्ध्या किलोमीटरहून लांब. दीपनगरच्या वीजकेंद्रासाठी कोळसा घेऊन येणाऱ्या रेकला अठ्ठावन-एकोणसाठ वाघिणी. "बाई, ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही. वळणावर इंजिन दिसतं तेवढंच. तो हॉर्न देणार, मी हिरवा दाखवणार, तो दाखवणार. छत्तीस वर्षं मी अशा माणसाच्या भरवशावर गेलो जो मला दिसत नव्हता."

हे ते उदाहरण म्हणून सांगत नव्हते. कामाची माहिती देत होते. सांगून झाल्यावर स्वतःच गप्प झाले आणि मफलर पुन्हा बांधला.

त्या दिवशी मी पिशवीतून बायबल काढलं आणि विचारलं, वाचू का? हो म्हणाले. स्तोत्र १०२. त्याच्या मथळ्यातच लिहिलंय की ही पिडलेल्या माणसाची प्रार्थना आहे, जो आपलं गाऱ्हाणं देवापुढे ओतत आहे. त्याच्या शेवटाकडे येतं की आकाश आणि पृथ्वी वस्त्रासारखी जुनी होतील, तू त्यांना बदलशील, पण तू तोच आहेस. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. इब्रीकरांच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो उचललेला आहे. पण त्याच स्तोत्रात, चौदाव्या वचनात, सियोनेबद्दल, म्हणजे यरुशलेमेबद्दल, म्हटलंय की तुझ्या सेवकांना तिचे दगडही प्रिय आहेत आणि तिच्या धुळीचीही त्यांना कणव येते.

धुळीत उभं राहून ते वाचलं. नाना म्हणाले, "पुन्हा वाचा." चौदावं पुन्हा वाचलं. "हे बायबलमध्ये आहे?" रेल्वेत छत्तीस वर्षं आणि मंडळीत सदुसष्ट वर्षं काढलेला माणूस विचारत होता.

भेटी देणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. देव बदलत नाही हे सांगणारं स्तोत्रच दगडांवर आणि धुळीवर जीव लावणाऱ्याला परवानगी देतं. अब्राहाम तंबूत राहिला, शोमरोनी बाईला येशूनं सांगितलं की उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, हे सगळं खरं. पण यहोशवानं यार्देन नदीतून आठवणीसाठी बारा धोंडे उचलून आणवलेच ना? आणि यरुशलेम पाहून येशू रडलाच ना? माणसाच्या जुन्या घरासाठी त्याला रडू द्यायच्या आधी त्याला अब्राहामाचा तंबू दाखवणं हा एक प्रकारचा उतावळेपणा आहे. मी केला म्हणून सांगते.

वाळवी लागलेली पेटी

डिसेंबरात नाना एकदा भक्तीला आले. मागे बसले. दुसऱ्या गीताला उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांनी पाहिलं आणि त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. भक्तीनंतर बाहेर येऊन ते म्हणाले, "नाना, जुन्या देवळातून काढलेली नोंदवह्यांची पत्र्याची पेटी स्टोअरमध्ये पडलीय. वाळवी लागेल. तुमचं अक्षर चांगलं आहे. लावून द्याल का?"

गार्डचं जर्नल छत्तीस वर्षं लिहिलेला माणूस. कोणत्या स्टेशनावर किती वाजता पोचलो, किती मिनिटं थांबलो, का थांबलो, सगळं लिहायची सवय. नाना मंगळवार-गुरुवार येऊन बसू लागले. बाप्तिस्म्याच्या वह्या एकीकडे, लग्नाच्या एकीकडे, दफनाच्या एकीकडे. ब्रशनं माती झाडायची, पानांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवायचा, कोणत्या वर्षाची वही आहे आणि कोणती नाही ते वेगळ्या वहीत उतरवायचं. वाळवीनं खाल्लेली पानंही त्यांनी नोंदवली: 'पान अर्धं, नाव वाचता येत नाही.'

पेटीतच १९७०-७१च्या सुमाराचा एक कागद निघाला. त्या साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आमच्या देवळाचा फलक बदलला, त्याच्या रंगाच्या खर्चाची पावती. नानांना आठवलं. ते तेरा वर्षांचे होते. वडील घरी येऊन तणतणले होते की बापजाद्यांचं नाव पुसलं, मी काही आता त्या देवळात जायचा नाही. "गेले का?" मी विचारलं. "पुढच्याच रविवारी. आईनं पेटीवर हात ठेवला नसता ना नाहीतर." आणि नाना त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

फेब्रुवारीत लग्नाच्या जुन्या वहीत त्यांना आजोबांची नोंद मिळाली.

ख्रिस्ती विवाहाचा कायदा १८७२चा. त्या नोंदीत वराचं नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि बापाचं नाव, असे रकाने असतात. धंदा: शेडमध्ये खलाशी (म्हणजे मदतनीस). ठिकाण: इंजिन शेडजवळ. बापाच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ठाऊक नाही'. आणि बाजूच्या मोकळ्या जागेत, वेगळ्या शाईनं, बारीक अक्षरात: 'दुष्काळातला'.

खानदेशात छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात तो १८९९-१९०० सालचा, संवत १९५६ म्हणून छप्पन्नचा. गावंच्या गावं उठली, पोरं रस्त्यावर आली, आणि त्यातली काही मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. आजोबा 'दुष्काळात आले' एवढं नानांच्या घरात बोललं जायचं. कुठून आले, कुणाचे, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण त्यांनाही सांगता येत नव्हतं.

नाना त्या पानावर बोट ठेवून बसून राहिले. मी त्या दिवशी शाळेच्या मुलांच्या कामासाठी तिथेच होते. किती वेळानं कोण जाणे, म्हणाले, "आजोबा रोज म्हणायचे, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. मी त्यांच्या मांडीवर बसून शिकलो."

पुढे काही बोलले नाहीत. वही मिटली, पालाही ठेवायचा विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माईंना सांगितलं की रात्रीची प्रार्थना आजपासून मी करीन.

जे जुळलं नाही

इथे मी थांबले असते तर गोष्ट छान झाली असती, पण हे प्रकरण आहे, सगळं लिहायला हवं.

नाना रविवारी येतात, सगळ्याच नाही. कीबोर्ड सुरू झाला की बाहेर ओट्यावर जाऊन बसतात आणि प्रवचनाला आत येतात. तरुण संघातल्या एका मुलानं त्यांना विचारलं, "नाना, तुम्हाला आमची गाणी आवडत नाहीत का भो?" नाना म्हणाले, "नाही आवडत. पण तुम्ही येता ते आवडतं." मुलगा थोडा खट्टू झाला. मला वाटतं, त्यानं जरा व्हावंच.

कापणीच्या सणाला पूर्वी केळीचे घड, कपाशी, ज्वारीची कणसं वेदीपुढे रचली जायची आणि भक्तीनंतर अंगणात लिलाव व्हायचा. आता बहुतेक पाकिटं येतात. नानांनी यंदा यावलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खा घड आणला. तो एकटाच पुढे उभा होता, जरा विचित्रच दिसला. लिलावात शेवटी त्यांनीच तो चढ्या बोलीनं घेतला आणि सगळ्यांना वाटला.

पटांगणात ते अजून जातात. रोज नाही. मी विचारलं, तिथे काय करता आता? म्हणाले, आईचं वाक्य म्हणतो आणि निघतो. मला यात काळजीचं काही दिसत नाही. डॉक्टरांनाही दिसलं नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, पप्पा, पुण्याला परत या. नाना म्हणतात, बघू. मी यात मत दिलेलं नाही. खरं सांगायचं तर आता त्यांना कुठेही ठेवलं तरी चालेल असं मला वाटतं, पण हे त्यांना सांगण्याइतका माझा माझ्या अंदाजावर भरवसा नाही.

राहिली घंटा. जुन्या देवळाची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, तारेनं टांगलेला, लोखंडी दांड्यानं वाजवायचा. रेल्वेचं गाव म्हटल्यावर दुसरं काय असणार? नवं देऊळ झालं तेव्हा स्पीकर आले, रूळ मागच्या भिंतीला टेकवून ठेवला गेला. नानांनी तो शोधून काढला आणि टांगा म्हणून पंचमंडळाला अर्ज दिला. बैठक तीनदा झाली. एका पंचांचं म्हणणं, शेजारच्या दवाखान्याला आवाजाचा त्रास होईल. दुसऱ्यांचं, स्लॅबला हूक मारला तर पाणी झिरपेल. तिसऱ्या बैठकीला कोरम झाला नाही.

गेल्या गुरुवारी मी गेले तर नाना मागच्या भिंतीशी उकिडवे बसून त्या तुकड्याला पॉलिश पेपर घासत होते. शेजारी तांबड्या ऑक्साइडचा डबा, हातात जुना ब्रश. मी म्हटलं, "नाना, अर्ज मंजूर झाला का?"

"कुठला," ते म्हणाले. "टांगतील तेव्हा टांगतील. तोवर गंज चढतो ना."

पुढची भेट माझ्या वहीत २४ तारखेची आहे. माईंनी भरीत करते म्हणून सांगितलंय.